पालीच्या मुऱ्या

थळच्या वाटेवर, समुद्राची गाज कानावर येईल इतक्या अंतरावर तात्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. वाडी नावाजलेली होतीच, पण तिच्याहून जास्त नाव होतं तात्यांच्या जिभेचं. तात्या पाणी चाखत. आसपासच्या गावांत कुणी नवी विहीर खणली की पहिला तांब्या तात्यांच्या ओटीवर यायचा. तात्या घोट तोंडात घ्यायचे, डोळे मिटून या गालातून त्या गालात घोळवायचे, अंगणात चूळ टाकायचे आणि मग एकच शब्द बोलायचे. गोड, नाहीतर मचूळ. तांब्या कुणाच्या घरचा हे ते कधी विचारत नसत. पाणी घशाखाली उतरत नाही तेव्हा विटाळ कसला, असा त्यांनी स्वतःपुरता शास्त्रार्थ लावून घेतला होता, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

अशा माणसाने स्वतःच्या वाडीत विहीर खणली तर पाण्याची शंका कोण घेणार? त्या वर्षी वैशाखात वाडीच्या खालच्या अंगाला, समुद्राकडच्या बाजूला, तात्यांची नवी विहीर लागली. खणताना दगड आडवा आला नाही, पाणी भरभरून आलं. तात्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, चूळ टाकली आणि म्हणाले, "गोड." दुसऱ्या दिवसापासून खालच्या जमिनीत पोफळींसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली.

आता ही पोफळीची रोपं तात्यांची म्हणायची की सुनेची, हा प्रश्न होता. गोदावरी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिचा नवरा मुंबईला एका कचेरीत होता आणि महिन्या दोन महिन्यांनी घरी यायचा. सून नुसती खिडकीशी उभी असते हे तात्यांनी पाहिलं. हरिहरेश्वराला देवदर्शनाला गेले होते तिथून ते पिकल्या सुपाऱ्यांची पिशवी घेऊन आले आणि ती बायकोच्या हाती देत म्हणाले, "सुनेला सांग, रुजव म्हणावं." गोदावरीने त्या रुजवल्या. केळींच्या सावलीत वाफे केले, पाला अंथरला, गोगलगायी वेचल्या, उन्हाळ्यात दोन्ही वेळा जुन्या विहिरीचं पाणी झारीने घातलं. रोपं गुडघ्याच्या वर आली होती. प्रत्येक रोपाची तिला ओळख होती, एखादीला आपल्या माहेरच्या गावातल्या माणसांची असावी तशी.

पोफळ हे नखऱ्याचं झाड. माडाला थोडा खार चालतो, समुद्राच्या अंगावर तो खुशाल उभा राहतो. पोफळीला खार लागला की शेंड्यापासून पिवळी पडत जाते आणि एकदा पडली की परत उठत नाही. हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच तात्यांच्या त्या एका 'गोड'वर सगळं अवलंबून होतं.

माहेरचे फणस घेऊन अंबाजी आला तो या दिवसांत. गोदावरीचं माहेर पालीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. अंबाजी तिच्या वडिलांची भातशेती करायचा आणि गोदावरीला तिच्या जन्मापासून ओळखायचा. उन्हातून आला होता, वाटेत नवी विहीर दिसली तेव्हा गड्याकडून ओंजळभर पाणी घेतलं, आणि तोंडातलं तिथेच थुंकून टाकलं. मागच्या पडवीत येऊन त्याने गोदावरीला हळूच सांगितलं, "ताय, त्या नव्या हिरीचं पानी मचूळ हाय."

"हळू बोल. मामंजींनी गोड म्हटलंय."

"म्हनले आसतील. पन हाय मचूळ."

गोदावरीने दुपारी सगळे निजल्यावर जाऊन स्वतः घोट घेतला. घोळवला, डोळेही मिटले. तिला ते पाणी गोड लागलं, आणि तीच खरी घाबरायची गोष्ट होती. कारण तिला आठवलं, नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा जुन्या विहिरीचा पहिला तांब्या तिच्या घशाखाली उतरला नव्हता. मचूळ म्हणून ती रडली होती. मग कधीतरी ते पाणी नुसतं पाणी झालं. कोणत्या दिवशी झालं ते तिला सांगता आलं नसतं. तिची जीभ सासरची झाली होती. तात्यांची तर जन्मापासूनच इथली होती, त्यांच्या वडिलांची, आजोबांची सुद्धा. या पाण्यावर वाढलेल्या जिभेला यातला खार कळणार तरी कसा?

दुसरी एखादी मुकाट्याने रोपं लावून मोकळी झाली असती. लावणी मृगात, पुढे चार महिने आभाळच शिंपणार, रोपं टवटवीत दिसणार. खरी गोष्ट माघ-फाल्गुनात उघडी पडली असती, नव्या विहिरीचा रहाट रोज फिरू लागल्यावर, आणि तेव्हा उपाय उरला नसता. गोदावरी मुकाट बसणाऱ्यांतली नव्हती. तिला ठाऊक होतं की आपली जीभ कामाची नाही आणि मामंजींचीही नाही, पण जिची चूक होत नाही अशी एक तिसरी आहे.

"अंबाजी," ती म्हणाली, "वहाळात मुऱ्या आहेत ना अजून?"

अंबाजी हसला. "मुऱ्या कुठं जातात?"

मुरी म्हणजे बोटाएवढा मासा. वाळूच्या रंगाचा, अंगावर काळपट पट्टे, ओठांशी बारीक मिशा. पालीकडच्या डोंगरातल्या वहाळांत, जिथे पाणी नितळ आणि तळाला गोटे, तिथे दगडाला पोट लावून ती बसलेली असते. पोहण्याची तिला हौस नाही. दगड उचलला तर वाळूवरून सर्रकन जाते आणि दुसऱ्या दगडाखाली शिरते, बस. गोदावरीच्या माहेरी मासे खात नसत, पण लहानपणी तिने उन्हाळ्याच्या सुट्ट्या हे दगड उचलण्यातच घालवल्या होत्या. आणि त्यांच्या घरी एक रीत होती. नवी विहीर खणली की वहाळातल्या मुऱ्या तिच्यात सोडायच्या. त्यांनी निकाल दिल्याशिवाय त्या पाण्याची कळशी देवघरात जायची नाही.

आता हे मामंजींना सांगायचं कसं? त्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नसे. तात्या समोर बसलेले असले तरी गोदावरी सासूला सांगायची आणि आनंदीबाई ते तात्यांना सांगायच्या. त्यात आनंदीबाई निरोप जसाच्या तसा कधीच पोचवत नसत. त्याला त्या तूप-साखर लावत. त्यामुळे घरात शांतता होती आणि कुणालाच कुणाचं म्हणणं धड ठाऊक नव्हतं.

गोदावरीने सासूला स्पष्ट सांगितलं, "सासूबाई, मामंजींना सांगा, पाणी मचूळ असेल अशी मला शंका आहे. मुऱ्या सोडून पारख करू, मग रोपं लावू."

आनंदीबाई ओटीवर गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, गोदावरीच्या माहेरी नव्या विहिरीत देवाचे मासे सोडतात म्हणे. तिला फार हौस आहे हो."

तात्या खूश झाले. "आणू देत की. मासे काय, सुसर सोडा म्हणावं. गोड पाणी आहे."

अंबाजी परत गेला आणि विहिरीच्या पूजेच्या दिवशी सकाळीच हजर झाला. नागोठण्यापासून मचव्याने धरमतर, पुढे बैलगाडीने. एका मडक्यात मुऱ्या, तोंडाला ओलं फडकं. दुसऱ्या मडक्यात नुसतं वहाळाचं पाणी, वाटेत भर घालायला, कारण खाडीचं पाणी त्यांना चालत नाही. आणि धोतराच्या सोग्यात बांधलेला एक चपटा गोटा. "दगडाबिगर त्यान्ला करमत न्हाय," तो म्हणाला. त्याने मडकी ओटीवर पिण्याच्या पाण्याच्या हंड्याशेजारी ठेवली. आनंदीबाईंनी फडकं उचलून आत पाहिलं आणि हंड्यातलं पाणी ओतून हंडा पुन्हा घासायला घेतला.

पूजेला बरेच लोक जमले होते. आळीतले शेजारी, वाडीतले गडी, आणि माडावर चढणारा दादू भंडारी, ज्याच्याशिवाय तात्यांचं पान हलत नसे. भटजींनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मग तात्यांनी मोठ्याने जाहीर केलं की आता सूनबाईंच्या माहेरचे मासे आपल्या विहिरीत राहायला येत आहेत. अंबाजी पायऱ्या उतरला आणि त्याने मडकं अलगद कलतं केलं.

मुऱ्या खाली गेल्या. क्षणात दिसेनाशा झाल्या. गोदावरी बायकांच्या मागे, केळीच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या मनात आलं, आपलंच चुकलं असावं, आणि तसं असेल तर किती बरं. लोक प्रसादाकडे वळले. तेवढ्यात दादूने विहिरीत वाकून पाहिलं.

"ते बघा, तात्या, मासा वर आला."

सगळे काठाशी जमले. खरंच, एक मुरी वर आली होती. मग दुसरी, मग आणखी. पाण्याच्या अगदी वरच्या थरात त्या इकडून तिकडे धावत होत्या, तोंड वर करत होत्या, भिंतीशी जाऊन परत फिरत होत्या.

"कशा खेळतायत बघा," दादू म्हणाला. त्याचा जन्म समुद्राकाठी गेला होता. वरच्या पाण्यात उसळणारा मासा म्हणजे खुशीतला मासा, हे त्याचं गणित. "पानी मानवलं त्यांना."

लोकांनी वाहवा केली. तात्यांनी उपरणं सावरलं आणि चेहरा असा केला की जणू मुऱ्यांना पोहायला त्यांनीच शिकवलं. अंबाजी मात्र पायरीवर तसाच बसून राहिला होता. त्याने मान वर करून गोदावरीकडे पाहिलं. तिने उभ्या जन्मात मुरी वर आलेली पाहिली नव्हती.

"सासूबाई," ती म्हणाली, "मामंजींना सांगा, मुऱ्या खेळत नाहीयेत. त्या जीव वाचवायला बघतायत. त्यांना बाहेर काढायला सांगा."

आनंदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, ती म्हणत्ये, मासे फार छान दिसतायत."

आजवर असे कितीतरी निरोप वाटेत मेले होते आणि गोदावरीने ते मरू दिले होते. या वेळी तिला वाफ्यातली रोपं दिसली, फाल्गुनातली, शेंड्यापासून पिवळी. ती बायकांच्या मधून पुढे आली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि पहिल्यांदाच सासऱ्यासमोर उभी राहून सरळ त्यांच्याशी बोलली.

"मामंजी, मुरी तळाचा मासा आहे. पाणी चांगलं असलं की ती कुणाला दिसत नाही. दिसली म्हणजे पाणी तिला सोसत नाही. या विहिरीचं पाणी मचूळ आहे. माझ्या जिभेला कळत नाही, तुमच्याही नाही, कारण आपण याच किनाऱ्याचं पाणी पीत आलो. यावर पोफळी लावल्या तर मरतील."

भटजी उगाचच पूजेची फुलं नीट करू लागले. तात्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता आणि तो आता येणार अशी सगळ्यांची खात्री होती. तो आलाही. तात्यांच्या कपाळाची शीर उठली. पण तात्या रागीट असले तरी लबाड नव्हते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर असतं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

"दाखवते," गोदावरी म्हणाली.

अंबाजीने वर आलेल्या मुऱ्या कळशीने सहज धरल्या. त्या इतक्या सहज हाती लागतात हेच त्याला बघवत नव्हतं. अंगणात गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. ती धुऊन घेतली, तळाला अंबाजीचा चपटा गोटा ठेवला, आणि दुसऱ्या मडक्यातलं वहाळाचं पाणी अर्ध्याहून जास्त तिच्यात ओतलं. मग मुऱ्या सोडल्या. त्या सरळ खाली गेल्या, एकामागून एक गोट्याखाली शिरल्या, आणि डोणीत नुसता दगड आणि नितळ पाणी उरलं. लोक डोणीभोवती वाकून बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं.

"मेल्या की काय?" दादूने विचारलं.

"घरी गेल्या," अंबाजी म्हणाला.

तात्यांनी बराच वेळ डोणीत पाहिलं. मग ते अंबाजीच्या मडक्याकडे वळले, तळाशी थोडं पाणी उरलं होतं त्याच्याकडे. "ते इकडे दे," ते म्हणाले. अंबाजी कचरला. कुणब्याच्या मडक्यातलं पाणी, चारचौघांत. "दे म्हणतो ना. मी काय ते पिणार नाही, चाखणार आहे."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. एवढा वेळ त्यांनी कधी कुठलं पाणी घोळवलं नव्हतं. आनंदीबाईंना वाटलं, आता चूळ टाकतील, पण तात्यांनी ती टाकली नाही. गिळली. शास्त्रार्थ गेला, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग ते नव्या विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने आपल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं.

वर उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. गोदावरीला आपण जिंकावं असं वाटत होतं, पण या माणसाने हरावं असं वाटत नव्हतं. विहिरीत चूळ टाकता येत नाही म्हणून तात्या तोंडात पाणी धरून सगळ्या पायऱ्या वर चढले, अंगणाच्या कडेला गेले, आणि तिथे ते टाकलं. मग सगळ्यांकडे वळून एकच शब्द बोलले.

"मचूळ."

ज्या आवाजात दुसऱ्यांच्या विहिरींना सांगत, त्याच आवाजात सांगितलं. त्यात त्यांनी ना काही लपवलं, ना काही वाढवलं. गोदावरीला त्या क्षणी सासऱ्याचा जितका अभिमान वाटला तितका पुढे कधी स्वतःच्या पोफळींचाही वाटला नाही.

"आता जुन्या विहिरीचं घाला डोणीत," तात्या म्हणाले. कुणी मागितलं नव्हतं. त्या पाण्यावर त्यांच्या घरातल्या पिढ्या वाढल्या होत्या, आणि तेही मचूळ निघालं असतं तर त्यांच्या जिभेचं काही राहिलं नसतं. तरी त्यांनीच सांगितलं.

मुऱ्या कळशीत काढल्या, डोणी रिकामी करून जुन्या विहिरीच्या पाण्याने भरली आणि त्या पुन्हा सोडल्या. मुऱ्या खाली गेल्या. गोट्याला वळसा घातला, थोड्या भटकल्या, वर मात्र आल्या नाहीत. पुष्कळ वेळाने एक आत शिरली, मग बाकीच्या. शेवटच्या मुरीची शेपटी बाहेर राहिली होती.

"राहतील," अंबाजी म्हणाला. "थोडं दिस कुरकुरतील."

"मीही कुरकुरले होते," गोदावरी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. आनंदीबाईही हसल्या. हा निरोप तात्यांना पोचवायची गरज नव्हती, त्यांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

त्या मृगात नव्या विहिरीभोवती नारळ लागले, त्यांना ते पाणी चांगलंच मानवलं. पोफळी वरच्या अंगाला, जुन्या विहिरीजवळ, केळींच्या ओळींमध्ये लागल्या. तिथे जागा कमी होती. जी रोपं बसेनात ती गोदावरीने आळीत वाटून टाकली, पण देताना प्रत्येकाला विहिरीचं पाणी कुठलं हे विचारल्याशिवाय एकही रोप हातातून सोडलं नाही. मुऱ्या जुन्या विहिरीत सोडल्या. त्यांच्यासोबत अंबाजीचा गोटाही गेला.

लोक अजूनही पाण्याचे तांब्ये घेऊन तात्यांकडे येत. तात्या चाखत, आपला निकाल देत, आणि मग म्हणत, "हे माझं झालं. पालीच्या मुऱ्या मागवा आणि त्यांनाही विचारा." पुढच्या काही उन्हाळ्यांत अंबाजीचे धरमतरच्या मचव्यावरून बरेच हेलपाटे झाले. मडकं मांडीवर घेऊन बसलेला हा माणूस मचव्यातल्या तांडेलाच्या चांगल्या ओळखीचा झाला.

पोफळींना पहिला फुलोरा आला त्या वर्षीसुद्धा तात्यांचा एक नेम चुकत नव्हता. रोज सकाळी, तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी ते जुन्या विहिरीवर जायचे. काठाला हात टेकून वाकायचे आणि खाली बघत राहायचे. वैशाखात, पाणी खाली गेलेलं असताना, जास्त वेळ बघायचे. मग माघारी येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायचे. आनंदीबाई चुलीपाशीच असायच्या. पण तात्या त्यांना निरोप सांगत नसत. ते सरळ सुनेला सांगायचे.

"काही दिसलं नाही हो, गोदावरी."

"बरं झालं, मामंजी," ती म्हणायची, आणि चहाचं आधण ठेवायची.